लांब बोर्डाच्या पोटातलं पातं

विंडसर्फिंगच्या, म्हणजे शीड लावून वाऱ्यावर चालवायच्या, लांब बोर्डांविषयी जे लिहिलं जातं त्यातलं बहुतेक शिडांविषयी असतं. शीड दिसतं, रंगीत असतं, फोटोत छान येतं. माझ्याकडे काही वर्षांपासून मिस्ट्रल वन डिझाइन नावाचा एक जुना बोर्ड आहे, ३७२ सेंटीमीटर लांब. त्याच्यावर उभं राहून आणि त्याची दुरुस्ती करता करता माझं ठाम मत झालंय की लांब बोर्डाची खरी गोष्ट पाण्याखाली घडली. ती त्याच्या पोटातल्या डॅगरबोर्डाची गोष्ट आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बोर्डाच्या साधारण मध्यावर एक उभी फट असते आणि तिच्यातून एक लांब पातं पाण्यात उतरतं. शेपटीकडे माशाच्या परासारखा एक छोटा फिन असतो, तो वेगळा. वारा बाजूने ढकलतो तेव्हा बोर्ड आडवा वाहून जायला बघतो आणि हे पातं त्याला अडवतं. त्यामुळे वारा जिकडून येतो तिकडे तिरकं तिरकं चढत जाता येतं. म्हणजे जिथून निघालो तिथं परत येता येतं, आणि हे काही लहान काम नाही.

बाबा रत्नागिरीहून इकडे आले होते तेव्हा त्यांना वेस्टआइंडर तळ्यावर घेऊन गेले. आम्ही नेदरलँड्समध्ये आम्स्टलव्हेनला राहतो, तिथून आल्समेरचं हे तळं जवळ आहे. बाबांचं सगळं आयुष्य होड्या बघण्यात गेलेलं. त्यांनी बोर्डाभोवती एक फेरी मारली, वाकून खालून पाहिलं आणि विचारलं, ‘‘ह्याला सुकाणू कुठाय गं?’’

सुकाणू नाहीच. डोलकाठी पुढे झुकवली की नाक वाऱ्यापासून दूर वळतं आणि मागे झुकवली की वाऱ्याकडे. वाऱ्याचा जोर शिडावर ज्या जागी एकवटतो ती जागा आपण पुढेमागे करतो, आणि बोर्ड डॅगरबोर्डाभोवती फिरतो. पातं हा त्या फिरण्याचा खुंटा. खुंटा नसेल तर काठी कितीही झुकवा, बोर्ड वळण्याआधी घसरतो. बाबांना हे पटकन कळलं. ‘‘मग ह्याचं सुकाणू पोटात हाय तर,’’ म्हणाले.

ही कल्पना पूर्ण रूपात आणली कॅलिफोर्नियातल्या जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर या दोघांनी. ड्रेक विमानं बनवण्याच्या क्षेत्रातला इंजिनिअर होता, श्वाइट्झर सर्फिंग करणारा. १९६७ साली मरीना डेल रे इथं त्यांचा बोर्ड पाण्यात गेला, १९६८ मध्ये पेटंटचा अर्ज झाला आणि १९७० मध्ये पेटंट मिळालं. त्यांचं मोठं योगदान म्हणजे डोलकाठीच्या बुडाशी सगळीकडे वळणारा सांधा आणि शिडाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा विशबोन बूम, म्हणजे हातांनी धरायचा दांडा.

त्याआधीही लोकांनी प्रयत्न केले होते. पेनसिल्व्हेनियातल्या न्यूमन डार्बी यांनी १९६४ मध्ये पतंगासारखं शीड लावलेला बोर्ड बनवला आणि १९६५ च्या ऑगस्टमध्ये ‘पॉप्युलर सायन्स’मध्ये त्यावर लेखही लिहिला. इंग्लंडमध्ये हेलिंग बेटाजवळ पीटर चिल्व्हर्स या बारा वर्षांच्या मुलाने १९५८ मध्ये स्वतःपुरता एक बनवला होता. पुढे पेटंटवरून खटले झाले, तेव्हा इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९८५ मध्ये चिल्व्हर्सच्या त्या खेळण्याची आणि डार्बींच्या लेखाची दखल घेऊन ते पेटंट रद्द ठरवलं. बारा वर्षांच्या पोराने सुट्टीत केलेली वस्तू अपील न्यायालयात पुरावा ठरते, हे वाचून मला फार आनंद झाला होता.

श्वाइट्झरने विकायला काढलेला ‘विंडसर्फर’ पॉलिइथिलीनचा होता, बारा फूट लांब. दगडावर आपटला तरी चालायचा. बूम सागवानी, आणि डॅगरबोर्डही लाकडाचा, वरून फटीत खोचायचा. वारा मंद असताना हे उत्तम. वारा वाढला की मात्र पंचाईत. वेग आला की ते मोठं पातं पाण्यात विमानाच्या पंखासारखं काम करायला लागतं. बोर्डाची वाऱ्याकडची कड वर उचलली जाते आणि आवरलं नाही तर बोर्ड उलटतो. त्या काळच्या लोकांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. पातं फटीतून उपसायचं आणि त्याच्या पट्ट्यात हात घालून खांद्याला अडकवायचं. दोन हात बूमवर, कोपराशी लोंबकळणारी लाकडी फळी, आणि लाटांवरून सुसाट. परत वाऱ्यावर चढायचं असेल तर ती पुन्हा खोचायची, तीही चालत्या बोर्डावर. रॉबी नॅश १९७६ मध्ये बहामाजला विश्वविजेता झाला तो असल्याच बोर्डावर, वयाच्या तेराव्या वर्षी.

युरोपात हे वेड आणलं ते नेदरलँड्सने. इथल्या टेन काटे या कापड बनवणाऱ्या कंपनीने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला परवाना घेतला, आणि बघता बघता हा खेळ तळ्यातळ्यावर पोचला. उथळ पाणी, सपाट किनारे आणि रोजचा थोडाफार वारा असलेला हा देश. इथं खेळ रुजला नसता तरच नवल. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला विंडसर्फिंग प्रथमच ऑलिंपिकमध्ये आलं आणि विंडग्लायडर बोर्डावर पहिलं सुवर्णपदक जिंकलं ते होर्न गावात जन्मलेल्या स्टेफान व्हान डेन बर्ग याने.

त्यानंतर शर्यतींनी बोर्डाला दोन वेगळ्या दिशांना ओढलं.

एक दिशा होती पोट गोल करण्याची. डिव्हिजन टू नावाचा वर्ग होता, त्यातले बोर्ड खालून होडीसारखे गोलाकार. मंद वाऱ्यात ते पाणी कापत असे जात की सपाट बोर्ड मागेच राहायचा. पण त्यांच्यावर नुसतं उभं राहणं ही कसरत होती. १९८८ साली सोलच्या ऑलिंपिकला, शर्यती बुसानला झाल्या तेव्हा, अशाच लेश्नर बोर्डावर न्यूझीलंडचा ब्रूस केंडल जिंकला. १९९२ मध्ये बार्सिलोनाला लेश्नर ए-३९० आला, प्रथमच स्त्रियांची वेगळी शर्यत झाली आणि ती ब्रूसची बहीण बार्बरा हिने जिंकली. शर्यतीबाहेरच्या माणसाला हे बोर्ड कधीच आपलेसे वाटले नाहीत, आणि माझ्या मते ते योग्यच होतं.

दुसरी दिशा मला जास्त महत्त्वाची वाटते. पातं उपसून खांद्याला लावण्याऐवजी ते बोर्डाच्या आतच मुडपता आलं तर? ऐंशीच्या दशकात तसे डॅगरबोर्ड आले. फटीत एक कॅसेट, म्हणजे पात्याची चौकट, बसवलेली, तिच्यात पातं बिजागरीवर फिरतं, आणि वर डेकवर, म्हणजे आपण उभे राहतो त्या बाजूला, त्याचं डोकं बाहेर असतं. पायाने ते डोकं मागे ढकललं की पातं खाली उतरतं, पुढे ढकललं की वर येऊन पोटात लपतं. फटीच्या तोंडाशी रबराच्या दोन पट्ट्या, म्हणजे पातं आत असताना पाणी फटीत खळबळत नाही. त्याच सुमारास डोलकाठीचा पायही रुळावर आला. पायाने पेडल दाबायचं आणि काठी पुढे किंवा मागे सरकवायची. वाऱ्यावर चढताना पातं खाली, काठी पुढे. वळून वाऱ्याबरोबर निघालो की पातं वर, काठी मागे. एकाच बोर्डाचे चालत्या शर्यतीत दोन बोर्ड होतात.

हे पहिल्यांदा जमतं तेव्हा अंगावर काटा येतो. पातं खाली असताना वारा वाढला की बोर्डाची वाऱ्याकडची कड उचलली जाते हे वर सांगितलंच. पूर्वी ज्याला घाबरायचे त्याचाच रेसबोर्डवर, म्हणजे शर्यतीच्या लांब बोर्डावर, मुद्दाम उपयोग करतात. उचललेल्या कडेवर दोन्ही पायांच्या टाचा टेकवून तिला ठरावीक उंचीवर धरून ठेवायचं. मग दुसरी कड आणि तिरपं झालेलं पातं मिळून पाण्यात घट्ट पकड घेतात आणि बोर्ड वाऱ्याच्या इतक्या जवळून चढतो की विश्वास बसत नाही. पायांखाली सगळ्या पावणेचार मीटरांत एक थरथर जाणवते. छोट्या बोर्डावर वेग मिळतो, पण हे मिळत नाही.

छोटे बोर्ड मात्र जिंकले. १९७७ च्या सुमारास हवाईमध्ये कैलुआला लॅरी स्टॅन्ली आणि माइक होर्गन यांनी बोर्डाला पायपट्टे लावले, कारण लाटेवरून उडी मारताना बोर्ड पायाखालून निसटायचा. तिथून बोर्ड लहान होत गेले, पातं गेलं, आणि सगळी मासिकं हवाईच्या निळ्या लाटांनी भरली. दुकानांत लांब बोर्ड मिळेनासे झाले. ज्यांच्या गावात वारा ब्यूफोर्ट मापाच्या २ किंवा ३ च्या वर, म्हणजे मंद झुळकीच्या वर, क्वचितच जातो त्यांनी महागडा छोटा बोर्ड घेतला आणि काठावर बसून वाऱ्याची वाट पाहिली. खेळ आटला यामागे इतरही कारणं असतील, पण हे मोठं कारण आहे असं मी मानते. जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर बहुतेक दिवस मंद वारा असतो, आणि मंद वाऱ्यात लांबीला पर्याय नाही. होडी पाणी कापत चालते तेव्हा तिचा वेग पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. साध्या सूत्राने माझ्या मिस्ट्रलला साधारण साडेचार नॉट (ताशी सागरी मैल) मिळतात, सव्वादोन मीटरच्या बोर्डाला साडेतीन.

ऑलिंपिकमध्ये मात्र लांब बोर्ड टिकला. मिस्ट्रल वन डिझाइन १९९६, २००० आणि २००४ अशा तीन स्पर्धांत होता, ७.४ चौरस मीटरचं शीड लावून. १९९६ मध्ये याच बोर्डावर ली लाय-शानने हाँगकाँगला ऑलिंपिकचं पहिलंवहिलं पदक मिळवून दिलं, तेही सोन्याचं. ग्रीसच्या निकोस काक्लामानाकिसने त्याच वर्षी सुवर्ण जिंकलं, आणि २००४ ला अथेन्समध्ये ऑलिंपिकची ज्योत पेटवण्याचा मान त्याला मिळाला. माझ्या गॅरेजमध्ये आहे तोच हा बोर्ड. एका निवृत्त डच शिक्षकाकडून घेतला. त्यांनी तो देताना पात्यावरून हात फिरवला होता.

२००८ ला ऑलिंपिकमध्ये आरएस:एक्स नावाचा बोर्ड आला. लांबी २८६ सेंटीमीटर, रुंदी ९३, पुरुषांसाठी ९.५ चौरस मीटरचं शीड. पातंही होतं आणि मागे लांबलचक फिनही. मंद वारा आणि जोराचा वारा दोन्ही एकाच बोर्डाने सांभाळायचे म्हणून केलेली ही तडजोड. रुंदीमुळे तो मंद वाऱ्यात लांब बोर्डासारखा सरकत नाही, म्हणून शीड सतत पंखासारखं हलवत राहावं लागतं, आणि खेळाडूंचे खांदे भरून येतात. तरी चार ऑलिंपिक तो टिकला. २०१२ च्या मे महिन्यात तर विंडसर्फिंग काढून काइट, म्हणजे पतंगाने ओढला जाणारा बोर्ड, आणण्याचा निर्णय झाला होता, तो नोव्हेंबरमध्ये फिरवला गेला. २०२४ मध्ये मार्सेलच्या पाण्यात आयक्यूफॉइल होता. २२० सेंटीमीटरचा बोर्ड, शेपटीखाली उंच खांब आणि त्याला पंख. बोर्ड पाण्याबाहेर उचलला जातो. मध्यावरचं पातं नाहीच. ज्या उचलण्याला पहिले लोक घाबरून पातं उपसायचे, त्याच उचलण्यावर आता सगळा बोर्ड चालतो. बघायला अप्रतिम आहे, यात शंका नाही.

आपल्याकडे आरएस:एक्सचे दिवस त्याच्या शेवटच्या ऑलिंपिकनंतरही चालू होते. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये इबाद अलीने आरएस:एक्सवरच भारतासाठी कांस्यपदक मिळवलं. गोव्याचे डेन आणि कात्या कुएल्यो हे भाऊ-बहीणही याच बोर्डावर शर्यती करत आले.

आणि लांब बोर्ड परत आलाय, याचा मला खरा आनंद आहे. जुन्या विंडसर्फरचं नवं रूप, विंडसर्फर एलटी, २०१८ पासून मिळायला लागलं. लांबी तीच, बारा फूट, पण वजन १५ किलोच्या आसपास, कारण आत फोम आणि वर इपॉक्सी. शीड ५.७ चौरस मीटरचं, साधं. पातं आता आत मुडपतं. आमच्या तळ्यावर साठीतले आजोबा आणि शाळकरी मुली एकाच शर्यतीत हे बोर्ड चालवतात आणि कोण जिंकेल हे सांगता येत नाही. शर्यतीतल्या लोकांसाठी ३८० सेंटीमीटरचे कार्बनचे रेसबोर्ड आहेत, पण खेळ वाढवायचा तर एलटीच वाढवेल.

जुना बोर्ड घेणार असाल तर आधी डॅगरबोर्डच तपासा. पातं पायाने पूर्ण वर-खाली जातं का, कॅसेट डेकमध्ये हलते का, तिच्या कडेने पाणी आत मुरतं का (बोर्ड उचलून वजनाचा अंदाज घ्या, पाणी पिलेला बोर्ड हाताला लगेच कळतो). रबरी पट्ट्या कडक झाल्या असतील तर बदलता येतात, त्यासाठी सौदा सोडू नका. डोलकाठीच्या बुडाचा रबरी सांधा वाकवून चिरा बघा. एक बारीक चीर दिसली तरी नवा घ्या, कारण तो तळ्याच्या मध्यावर तुटला तर बोर्ड एकीकडे आणि शीड दुसरीकडे जातं.

बाबांनी जाताना विचारलं होतं, हा रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्याला चालेल का. दुपारचे खारे वारे, खाडीच्या तोंडापासून थोडं दूरचं पाणी, पावसाळा सोडून. चालेल, आणि छोट्या बोर्डापेक्षा कितीतरी जास्त दिवस चालेल. न्यायचा झाला तर मात्र मी एलटी नेईन. मिस्ट्रलच्या कॅसेटचे सुटे भाग इथंसुद्धा जुन्या बाजारात शोधावे लागतात, रत्नागिरीत कुठून आणायचे.