ग्रीन क्लब दर वर्षी नव्याने का सुरू करावा लागतो

कॉलेजमधल्या पर्यावरणाच्या कामाचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यासमोर आधी झाडं लावणारी मुलं येतात, मग पोस्टर, मग रॅली, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही, सुरुवात कशाने तरी व्हायलाच हवी. पण मी कॉलेजची जवळपास सगळी वर्षं याच कामात घालवली, पास आउट झाल्यावरही ज्युनिअर्सच्या ग्रुपवर आहे, त्यांचे मेसेज वाचते, आणि आता एक गोष्ट मला अगदी ठाम वाटते. या कामाला सगळ्यात जास्त मारतं ते बॅच बदलणं. पैसे नसले तरी मुलं कुठून तरी जमवतात, परवानगी नसली तरी चकरा मारून मिळवतात. पण पहिल्या वर्षात कोणाला काही माहीत नसतं, दुसऱ्यात जरा कळायला लागतं, तिसऱ्यात काम हातात बसतं आणि शेवटच्या वर्षात प्लेसमेंट, प्रोजेक्ट, सबमिशन यात माणूस गायब होतो, आणि जाताना डोक्यातलं सगळं डोक्यातच घेऊन जातो.

कंपोस्टचं उदाहरण घ्या. जवळपास प्रत्येक कॅम्पसवर कधीतरी कंपोस्ट सुरू झालेलं असतं आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी ते वासामुळे बंद पडलेलं असतं. आता वास का येतो हे ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी हे काम अजिबात अवघड नाही. ताटातलं उरलेलं अन्न म्हणजे नायट्रोजन जास्त आणि ओल जास्त, वाळलेली पानं म्हणजे कार्बन जास्त, आणि ढिगात कार्बन नायट्रोजनच्या साधारण २५ ते ३० पट असला तर जिवाणू खूश असतात. रोजच्या भाषेत सांगायचं तर एक बादली अन्न टाकलं की त्यावर दोन-तीन बादल्या वाळका पाला पडलाच पाहिजे. मुठीत घेऊन दाबलं तर हाताला ओल लागावी पण पाणी टपकू नये. ढीग मध्यभागी ५५ अंशांच्या वर तापला पाहिजे, तापत नसेल तर एकतर हवा जात नाहीये किंवा ढीग लहान आहे, आणि तो वरचेवर हलवला पाहिजे कारण हवा संपली की आत ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात, मग तो घाणेरडा वास येतो आणि सोबत मिथेन बाहेर पडतो. मिथेन म्हणजे १०० वर्षांचा हिशोब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवणारा वायू, आणि २० वर्षांचा धरला तर साधारण ८० पट. म्हणजे नीट न सांभाळलेला खड्डा हा नुसता वासाचा प्रश्न नाही, ज्या कारणासाठी तो खणला त्या कारणाच्याच विरुद्ध तो काम करायला लागतो.

आता हे सगळं किती मोठं ज्ञान आहे? एका पानावर मावतं. पण आमच्याकडे ते एका सिनिअरच्या डोक्यात होतं. तो गेला, नवीन मुलांनी उत्साहाने अन्न टाकणं चालू ठेवलं, पाला मात्र कोणी गोळा करेना कारण पाला का टाकायचा हे कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मग तक्रारी आल्या आणि खड्डा बुजला. पुन्हा परवानगी मिळवणं पहिल्यांदा मिळवण्यापेक्षा कितीतरी अवघड गेलं, कारण आता ऑफिसमध्ये "मागच्या वेळी काय झालं होतं ते माहितीये ना" हे वाक्य तयार होतं.

ज्या खड्ड्यांचं चांगलं चाललेलं मी पाहिलंय तिथे बहुतेक वेळा एक माळी काका किंवा सफाईच्या एक मावशी असतात ज्यांनी ते काम आपलं मानलेलं असतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कॅम्पसवर विद्यार्थी तीन-चार वर्षं असतात, पण माळी, सफाई कामगार, इलेक्ट्रिशियन, लॅब असिस्टंट ही माणसं पंधरा-वीस वर्षं असतात, कॉलेजची खरी आठवण त्यांच्याकडे असते. कुठला नळ कायम गळतो, कुठल्या मजल्यावरचे दिवे रात्रभर चालू राहतात, कुठल्या कोपऱ्यात डबा ठेवला की तो भरतो आणि कुठे ठेवला की लोक बाजूला टाकून जातात, हे त्यांना विचारायचं. आमच्या कॉरिडॉरमधले डबे एका मावशींच्या सांगण्यावरून हलवले होते, त्या म्हणाल्या की ओला आणि सुका एकमेकांना चिकटून ठेवा, नुसता एकच डबा दिसला तर माणूस हातात असेल ते त्यातच टाकणार, दुसरा शोधत कोणी जात नाही. पोस्टरने जे झालं नव्हतं ते त्याने झालं.

आणि याचीच दुसरी बाजू, विद्यार्थी मोठ्या थाटात वर्गीकरण जाहीर करतात आणि मग मिसळलेला कचरा हाताने वेगळा करायचं काम त्याच मावशींवर येऊन पडतं, ग्लोव्ह्ज नाहीत, जास्तीचा वेळ नाही, पगारात फरक नाही. असल्या उपक्रमाला मी पर्यावरणाचं काम म्हणायला तयार नाही. कोणाचं काम वाढणार आहे आणि त्याचा मोबदला कोण देणार आहे हे प्रस्तावात पहिल्या पानावर असलं पाहिजे.

विजेचं मला स्वतःला सगळ्यात जास्त वेड. कारण विजेत आकडा मिळतो. ज्या कोणाला सुरुवात करायचीये त्यांनी आधी इलेक्ट्रिशियन काकांशी ओळख करून घ्या आणि त्यांच्यासोबत रात्री उशिरा, कॅम्पस झोपलेला असताना, मीटरचं रीडिंग घ्या आणि तासाभराने परत घ्या. त्या तासात जेवढी युनिट्स गेली ती कोणासाठी गेली? वर्ग बंद, ऑफिस बंद, लायब्ररी बंद, तरी आकडा दिवसाच्या मानाने चांगलाच मोठा निघतो. मग शोधायला लागायचं. बऱ्याचदा उत्तर निघतं लॅबमध्ये. केमिस्ट्रीच्या लॅबमधलं फ्यूम हूड, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढणारं काचेचं कपाट, चोवीस तास खोलीतली गार किंवा गरम केलेली हवा ओढून बाहेर फेकत असतं, असं एक हूड अमेरिकेतल्या साधारण तीन घरांएवढी ऊर्जा खातं असं म्हणतात, आणि ज्या हूडमध्ये ओढल्या जाणाऱ्या हवेचं प्रमाण कमी-जास्त होतं तिथे समोरची काच खाली ओढून ठेवली तरी खप बराच कमी होतो. बायोलॉजीवाल्यांचे उणे ८० अंशांचे डीप फ्रीझर, एकेक फ्रीझर दिवसाला अमेरिकेतल्या एका घराच्या जवळपास वीज घेतो असं म्हणतात, आणि तो उणे ७० वर आणला तर साधारण ३० टक्के वीज वाचते. एक सेटिंग बदललं की झालं! दिवे बंद करा म्हणून शंभर स्टिकर चिकटवण्यापेक्षा हे एक काम मोठं आहे, पण ते दिसत नाही, त्याचा फोटो येत नाही, म्हणून कोणी करत नाही.

माणसांच्या सवयी बदलत नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजमध्ये २००५ साली होस्टेल्समध्ये वीज वाचवायची स्पर्धा झाली होती, दोन आठवड्यांची, त्यात सरासरी ३२ टक्के वीज कमी वापरली गेली, आणि ज्या होस्टेल्समध्ये त्या क्षणाला किती वीज जातेय हे स्क्रीनवर लाइव्ह दिसत होतं तिथे तर ५५ टक्के. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. उपदेश कोणी वाढवला नव्हता, फक्त माहिती डोळ्यासमोर आणून ठेवली होती. पण स्पर्धा दोन आठवड्यांची असते आणि वर्ष बावन्न आठवड्यांचं, म्हणून माझं मत असं की स्पर्धेच्या उत्साहाचा उपयोग करून मॅनेजमेंटकडून कायमच्या गोष्टी मागून घ्यायच्या. टॉयलेट आणि जिन्यात सेन्सर, एसीला टायमर, जुने पंखे बदलताना बीएलडीसी पंखे, कारण साधा पंखा ७०-७५ वॅट घेतो आणि हा तीसच्या आसपास. पुढची बॅच कितीही आळशी निघाली तरी सेन्सर दिवे बंद करणारच.

नळाचंही तेच. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ वर्षाला ११ हजार लिटरच्या वर पाणी घालवतो. वॉशर बदलायला दहा मिनिटं लागतात, आणि तक्रार करायला, ती योग्य माणसापर्यंत पोचायला, तीन आठवडे. म्हणजे मुलांनी जोडायचं काय तर तक्रारीची साखळी.

आता टिकलेलं काम कसं दिसतं ते बघू. पहिला अर्थ डे २२ एप्रिल १९७० ला झाला, अमेरिकेतले सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांची कल्पना आणि संयोजक डेनिस हेज नावाचा पंचविशीतला विद्यार्थी, आणि त्यातला मोठा भाग कॅम्पसवरच झाला होता. तशा सभा बऱ्याच झाल्या आणि विरल्या. पण त्याच वर्षी कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसवर विद्यार्थ्यांनी एक एन्व्हायर्नमेंटल सेंटर सुरू केलं, ते आजही चालू आहे, कारण त्याला विद्यार्थ्यांच्या फीमधून पैसा मिळतो आणि पगारी माणसं आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर २००७ साली विद्यार्थ्यांनी मतदान करून स्वतःवरच छोटीशी ग्रीन फी लावून घेतली, त्या फंडातून कोणते प्रोजेक्ट करायचे हे ठरवणाऱ्या समितीत विद्यार्थ्यांचं बहुमत ठेवलं. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात २०११ ला मुलांनी वेगळीच शक्कल लढवली. वर्ष संपताना होस्टेल रिकामं करताना लोक दिवे, खुर्च्या, छोटे फ्रिज, पंखे सगळं टाकून जातात, ते गोळा करायचं, सुट्टीत साठवून ठेवायचं आणि नवीन वर्षाच्या सुरुवातीला नव्या मुलांना स्वस्तात विकायचं, त्या पैशात पुढच्या वर्षीचा गोळा करायचा खर्च निघतो. कोणाकडे हात पसरायचा नाही. मला हे मॉडेल इतकं आवडतं की मी भेटेल त्याला सांगत सुटते.

आणि हार्वर्ड. तिथल्या मुलांनी २०१२ मध्ये मागणी सुरू केली की विद्यापीठाने आपला पैसा कोळसा-तेलाच्या कंपन्यांमधून काढून घ्यावा. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या मतदानात ७२ टक्क्यांनी पाठिंबा दिला. विद्यापीठ नाही म्हणत राहिलं. सप्टेंबर २०२१ मध्ये शेवटी जाहीर झालं की थेट गुंतवणूक आता नाही आणि पुढेही करणार नाही. मध्ये नऊ वर्षं गेली. म्हणजे ज्यांनी सुरू केलं ती पदवीची मुलं केव्हाच निघून गेली होती, मागण्या, कागद, कोणाला भेटायचं, कुठे अडलं, हे सगळं बॅचकडून बॅचकडे जात राहिलं म्हणून ते झालं. मला त्यातला पैशाचा भाग जेवढा मोठा वाटतो तेवढाच हा वाटतो.

एका गोष्टीवर मात्र मला बोलायचंच आहे, ते म्हणजे कार्यक्रमातले टी-शर्ट आणि कापडी पिशव्या. एका सुती टी-शर्टमागे साधारण २,७०० लिटर पाणी लागतं. डेन्मार्कच्या सरकारी पर्यावरण खात्याचा २०१८ चा अभ्यास सांगतो की साधी सुती पिशवी, नुसता हवामानाचा विचार केला तरी, किमान ५२ वेळा वापरली तर ती प्लास्टिकच्या साध्या पिशवीच्या बरोबरीला येते. प्रत्येकाच्या कपाटात आधीच चार पडल्यात, आणि आपण पर्यावरण दिनाला पाचवी देतो, त्यावर कॉलेजचं नाव आणि तारीख छापून, म्हणजे पुढच्या वर्षी वापरताही येऊ नये. प्लीज बंद करा हे. तेवढ्या पैशात सबमीटर येतात, प्रत्येक होस्टेलला वेगळा, आणि मग खरा हिशोब सुरू होतो.

हँडओव्हरबद्दल, म्हणजे जुन्या बॅचने नव्या बॅचकडे काम सोपवण्याबद्दल, आमच्या ग्रुपमध्ये हळूहळू जे बसलं ते सांगते. फाइल ऑनलाइनही असते आणि एक कागदी कॉपी लायब्ररीत, कारण ऑनलाइन फोल्डर कोणाच्या तरी पर्सनल अकाउंटवर असतं आणि ते अकाउंट एक दिवस बंद होतं. त्यात माणसांची नावं कमी आणि पदं जास्त, म्हणजे "मेंटेनन्सचे सुपरवायझर" असं, कारण माणूस बदलतो. काय जमलं यापेक्षा काय जमलं नाही आणि का, हे जास्त लिहायचं. मीटरची रीडिंग्ज तारखेसकट. लावलेल्या झाडांची यादी, कुठे लावलं, पाणी कोण घालतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत कोण घालणार, कारण रोपं लावणीच्या दिवशी मरत नाहीत, सुट्टीत मरतात. आणि प्रिन्सिपॉल सरांकडे जाताना शेवटच्या वर्षाच्या मुलांनी एकट्याने जायचं नाही, सोबत पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं कोणीतरी पाहिजेच, भले त्याने तिथे तोंड उघडलं नाही तरी चालेल.

सध्या ज्युनिअर्सचं फ्रीझरवरून एका प्रोफेसर मॅडमशी बोलणं चालू आहे. मॅडमना भीती आहे की उणे ७० वर सॅम्पल खराब होतील, आणि ती भीती रास्तच आहे, त्यांची कित्येक वर्षांची मेहनत त्यात आहे. म्हणून मुलांनी सगळे फ्रीझर मागितलेच नाहीत, ज्यात फारशी महत्त्वाची सॅम्पल्स नाहीत असा एकच मागितलाय, त्याला वेगळा मीटर लावायचा, एक पूर्ण सेमिस्टर तापमानाची नोंद ठेवायची आणि मग आकडे घेऊन परत जायचं. नोंद ठेवायचं काम फर्स्ट इयरच्या दोघींनी घेतलंय.