तो नाही, आपणच त्याच्या मागे

जंतूंबद्दल बोलताना आपली भाषा एकदम युद्धाची होते, हल्ला काय, शिरकाव काय, जणू प्रत्येक जंतू सकाळी उठून आपलाच पत्ता शोधत निघतो. पण फ्रान्सिसेला टुलारेन्सिस या बॅक्टेरियाबद्दल वाचलं तेव्हा मला वाटायला लागलं की इथे पत्ता शोधत निघालेलो आपणच आहोत.

१९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोत प्लेग परत आला आणि तो शहरातल्या उंदरांपुरता न राहता बाहेरच्या बिळांत राहणाऱ्या खारींमध्येही सापडला, म्हणून जॉर्ज मॅकॉय नावाचे डॉक्टर खारी कापकापून बघत होते. १९११ मध्ये त्यांना अशा खारी दिसल्या की आतून सगळं प्लेगसारखं, गाठीबिठी सगळं, पण प्लेगचा जंतू मात्र नाही. जो होता तो, म्हणजे हाच फ्रान्सिसेला, इतका नखरेल की प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या खुराकावर वाढेचना, शेवटी अंड्याचा बलक घातल्यावर साहेब प्रसन्न झाले. शोधायला गेलो एक आणि हातात आलं भलतंच, तसंच झालं हे.

पुढे एडवर्ड फ्रान्सिस यांनी दाखवलं की अमेरिकेतल्या युटामध्ये चावऱ्या माश्यांमुळे माणसांना येणारा ताप याच जंतूचा, आणि हे करताना ते स्वतःच आजारी पडले. जपानात १९२५ मध्ये ओहारा नावाच्या डॉक्टरांना शंका आली की रानातले मेलेले ससे हाताळणाऱ्यांना ताप येतोय, तर खात्री करायला सशाचं रक्त चोळलं कुणाच्या हातावर, तर बायकोच्या! ती म्हणे स्वतःहून तयार झाली. आजारी पडली, मग तिच्या गाठीतला नमुना अमेरिकेत फ्रान्सिसना गेला आणि तोच जंतू निघाला. नवऱ्याच्या संशोधनाला हातभार लावणं ते हे. मला या गोष्टीत डॉक्टरांपेक्षा ती बाईच जास्त लक्षात राहिलीय.

आणि गंमत बघा, ज्याचे दहाबारा जंतू श्वासातून आत गेले तरी माणूस आडवा होऊ शकतो, ज्याला काही देशांनी शस्त्र म्हणूनही वाढवून ठेवलं होतं, तो एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. माणसात आला की त्याचा प्रवास तिथेच संपतो, त्याला आपल्यात काही भवितव्यच नाही. त्याचा संसार रानउंदीर, खारी, ससे, गोचिडी आणि थंड पाणी-चिखल यांच्यात चाललेला असतो, बिचाऱ्या उंदीर-सशांना तोही धड जगू देत नाही, साथ आली की मरतात पटापट, पण तो त्यांचा आपसातला मामला. आपल्याला झाला तर योग्य अँटिबायोटिकने बरा होतो, वेळेवर ओळखता आला पाहिजे एवढंच, कारण नुसता ताप बघून कुणाला खार आठवणार?

२००० साली मार्थाज व्हिनयार्ड या अमेरिकेतल्या बेटावर लोकांना याचा न्यूमोनिया झाला, एक जण गेलासुद्धा. ना शिकार केलेली, ना ससा सोललेला. तपास केल्यावर संबंध निघाला तो हिरवळ कापण्याशी आणि झुडपं छाटण्याशी. मशीन फिरतं, जमिनीवरचं सगळं बारीक होऊन हवेत उडतं आणि मागे उभा माणूस आरामात श्वास घेतोय. त्यामुळे तिकडे आता सांगतात की मशीन चालू करायच्या आधी गवतात काही मेलेलं पडलंय का बघून घ्या, आजारी किंवा मेलेल्या प्राण्यावरून मशीन फिरवू नका. मला विचाराल तर वाढू द्या की ते गवत, काय बिघडतं.