लाल दिसला म्हणून सॅन फ्रान्सिस्को गार्टर होत नाही: पेस्काडेरो, पॅसिफिका आणि वाया गेलेले 180 डॉलर

आधी निकाल सांगतो, वृत्तांत नंतर. कॅलिफोर्नियात सॅन मटेओच्या किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को गार्टर हा दुर्मिळ साप ‘हमखास’ दाखवतो म्हणून कोणी गाइडने माणशी 60 डॉलर मागितले, तर देऊ नका. आम्ही तिघांचे 180 दिले. साप दिसला, फोटो निघाले, सांगलीला घरच्या ग्रुपवर गेले, काकांचे अंगठेही आले. रात्री मुलीने फोटो मोठा करून सापाच्या वरच्या ओठाचे खवले मोजले. आठ. हवे होते सात. म्हणजे हा साधा कोस्ट गार्टर. इथल्या लोकांच्या परसात, नळाच्या पाइपाशेजारी पडलेला असतो तो.

राग पैशांचा कमी, स्वतःचा जास्त. कॉलेजात असताना सांगलीला एका सर्पमित्रांच्या मागे मागे फिरायचो. त्यांचं एकच पालुपद असायचं: काळ्या अंगावर पांढरे पट्टे बघून मण्यार म्हणाल, तर गावभर बिनविषारी कवड्या साप मारत सुटाल. पाठीच्या मधल्या रांगेतले खवले बघा, मण्यारीचे मोठे आणि षटकोनी असतात. हे सगळं तोंडपाठ असलेला माणूस मी, आणि इथे लाल ठिपके बघून टाळ्या वाजवल्या.

आता ती पेस्काडेरोच्या दलदलीकडची वाट. एप्रिलचा शेवट, धुकं उठायला साडेदहा वाजले, वारा असा की टोपी एका हाताने धरूनच चालायचं. गाइडच्या शब्दांत ‘सोपी सपाट चाल’. सपाट आहे, खोटं नाही. पण गवत छातीपर्यंत, खाली चिखल, आणि दोन्ही बाजूंनी पॉयझन ओक इतका आत आलेला की अंग चोरून, आडवं चालावं लागतं. तीन-तीन पानांची जुडी, कोवळी असताना लालसर चमकणारी. घासली की दोन दिवसांनी खाज सुरू, आठवडाभर झोप नाही. माझ्या मेहुण्याने अर्धी चड्डी घातली होती, कारण सूचनांमध्ये त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. गाडीशी आल्यावर मोज्यांवरून पाच गोचिडी काढल्या. पाऊण तासाच्या त्या पट्ट्यासाठी मी तिथे परत जाणार नाही. तुम्हाला जायचंच असेल तर पूर्ण पँट, ती मोज्यांत खोचलेली, आणि घरी आल्या आल्या कपडे वेगळे धुवायचे.

साप वाटेच्या कडेला ऊन खात होता. काळपट पाठ, मधोमध पिवळी रेघ, दोन्ही अंगांना विटकरी लाल ठिपके. गाइड कुजबुजला, हाच तो. आम्ही मान डोलावली.

फसायला होतं ते इथेच. या किनाऱ्यावर तीन जातींचे गार्टर एकाच तळ्याकाठी भेटू शकतात. सॅन फ्रान्सिस्को गार्टर ही त्यातल्या कॉमन गार्टरची उपजात: पाठीवर हिरवट पिवळा पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या किनारीचा लाल पट्टा, डोकं वरून तांबडं, पोट निळं-हिरवं. पण तो लाल पट्टा काहींमध्ये अखंड असतो, काहींमध्ये तुटक. तुटला की लांबून ठिपकेच दिसतात. उलट कोस्ट गार्टरला लाल ठिपके असतातच, एखाद्याला इतके दाट की पट्टा वाटावा. तिसरा सांताक्रूझ गार्टर, गडद अंग, पाठीवर ठसठशीत पिवळी किंवा नारिंगी रेघ, गळा फिका, पाण्याजवळच जास्त. त्यात साप कात टाकायच्या बेतात असला तर सगळा रंग दुधाळ होतो, आणि अंग फुगवलं की खवल्यांमधली कातडी दिसून भलताच वाटतो. रंग अंदाजापुरता.

म्हणून ओठ. नाकाच्या टोकावरचा एकटा खवला सोडायचा आणि तिथून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत वरच्या कडेची रांग मोजायची. कॉमन गार्टरला बहुधा सात, बाकीच्या दोघांना बहुधा आठ. क्वचित एखादा नियम मोडतो, म्हणून दोन्ही बाजू मोजा आणि मग रंगाशी ताडून बघा. हे तिथे उभ्याने जमत नाही. डोक्याचा अगदी बाजूने, डोळ्याच्या पातळीवरून फोटो हवा. वरून काढलेले आमचे चाळीस फोटो कुचकामी होते, मुलीने कडेने काढलेल्या एकाच फोटोने निकाल लावला. झूम वापरा, सापाला हात लावू नका. अमेरिकेत 1967 साली निघालेल्या धोक्यातल्या प्राण्यांच्या पहिल्या सरकारी यादीत सॅन फ्रान्सिस्को गार्टर होता. त्याला पकडणं, हाताळणं, त्याचा पाठलाग करणं हा गुन्हा आहे. कोस्ट गार्टर उचलला तरी हातावर जी घाण सोडतो तिचा वास साबणाने जात नाही.

दुसऱ्या दिवशी खाली आन्यो नुएवोला गेलो. छान आहे, एलिफंट सील दिसले, वाट मऊ. पुढे.

त्याच्या पुढच्या रविवारी पॅसिफिकाला मोरी पॉइंट, गाइडशिवाय. तिकीट नाही. गाड्या लावायला मात्र रहिवासी गल्लीच आहे, नऊच्या आत पोचा, कोणाच्या ड्राइव्हवेसमोर लावू नका. इथली तळी या सापासाठी आणि त्याचं खाणं असलेल्या लाल पायांच्या बेडकासाठी मुद्दाम तयार केली आहेत, तसे फलकच आहेत, त्यामुळे हे गुपित नाही. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून उतरू नका. डोंगरावरच्या पायऱ्या समुद्र बघायला ठीक, सापासाठी गरज नाही. धुकं हटल्यावरचा पहिला तास, बस. आम्ही सव्वादहा ते अकरा एकाच जागी उभे होतो, मुलगी कंटाळून फळीवर बसली, आणि तीच म्हणाली, “बाबा, हलू नका.”

फळीच्या कडेखालून आधी डोकं आलं. तांबडं, जुन्या विटेसारखं. मग लाल पट्टा, त्याला दोन्हीकडून काळी किनार, नऊवारीच्या काठासारखी रेखीव. वळताना पोटाची बाजू दिसली, मोरपिशी. सहा-सात सेकंद. मुलीने तीन फोटो काढले, दोनमध्ये ओठ स्पष्ट. सात. दुसऱ्या बाजूनेही सात. मी गाडीत बसून पुन्हा मोजले, मग घरी लॅपटॉपवर पुन्हा. कामाला दांडी मारावी लागली तरी मारा, पण ऊन पडलेला दिवस निवडून इथे जा. फोटो टाकताना मात्र लोकेशन काढून टाका. हे साप चोरून पकडणारे लोक आहेत.

गंमत अशी की या सापांची सगळ्यात भरभक्कम वस्ती सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या मालकीच्या 180 एकरांवर आहे, 101 हायवेच्या पश्चिमेला, रुळांना लागून. आत प्रवेश नाही. भारतातून येताना चार-चार बॅगा ढकलत तिथून आम्ही किती वेळा गेलो असू.

गाइडला मी पेस्काडेरोचा फोटो पाठवला, आठही खवल्यांवर आकडे घालून. तीन दिवसांनी उत्तर आलं: रंगात थोडा फरक असतोच. पैशांबद्दल काही नाही. शेवटी पुढच्या खेपेला दहा टक्के सवलत.