कॅमेलियनचं नवं पिल्लू खात नाही? किडे बदलण्याआधी पाणी बघा

नव्या घरी आलेलं कॅमेलियनचं पिल्लू पहिला दिवस, कधी दोन दिवस, काहीच खात नाही. तीन महिन्यांच्या पुढचं पिल्लू असेल, पाणी पीत असेल आणि दिवसा डोळे उघडे ठेवत असेल तर एवढा उपास त्याला झेपतो. माणसांना मात्र झेपत नाही. पहिल्याच संध्याकाळी धावपळ सुरू होते: आज क्रिकेट (पाळलेले रातकिडे), उद्या मीलवर्म (पिठातली पिवळसर अळी), परवा चिमट्यात धरून तोंडासमोर नाचवलेली अळी. दर खेपेला पिंजऱ्याचं दार उघडतं, हात आत जातो आणि पिल्लू आणखी आक्रसतं. पाणी, ऊब, आडोसा आणि मग किडा, या क्रमानेच तपासायचं. पहिल्या तीन गोष्टी जागेवर नसतील तर जगातला सगळ्यात चविष्ट किडाही कामाचा नाही.

इथे दिलेले आकडे व्हेल्ड जातीच्या, म्हणजे मूळच्या येमेन-सौदी भागातल्या कॅमेलियनच्या पिल्लासाठी आहेत. मादागास्करच्या पँथर कॅमेलियनला थोडी जास्त आर्द्रता लागते, बाकी फारसा फरक नाही. बांधावरच्या बाभळीवर दिसणारा आपला देशी सरडगुहिरा हा वेगळा विषय. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे तो पाळायचा नाही, 'वाचवला' म्हणून घरी ठेवायचाही नाही. सापडला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. व्हेल्ड आणि पँथर सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये येतात, म्हणून २०२४ च्या नियमांप्रमाणे पिल्लू ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणारा कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर पिल्लू तिथेच राहू द्या.

आता पाणी. कोरडं पडलेलं पिल्लू खात नाही, हे सगळ्यात जास्त वेळा घडतं आणि सगळ्यात कमी वेळा ओळखलं जातं. प्रवासात, दुकानातल्या काचेच्या पेटीत, कुरिअरच्या डब्यात त्याला नीट पाणी मिळालेलंच नसतं. विष्ठा बघा. तिच्यासोबत येणारा घट्ट भाग पांढरा असेल तर ठीक, गडद पिवळा किंवा केशरी असेल तर पाणी कमी पडतंय. डोळ्यांचे बुबुळाभोवतीचे उंचवटे आत गेलेले दिसत असतील तर प्रकरण पुढे गेलंय. कॅमेलियन वाटीतलं पाणी पीत नाही, त्याला पानावर थरथरणारा थेंब दिसावा लागतो. प्लास्टिकच्या कपाच्या तळाला सुईने बारीक भोक पाडा, कप पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवा आणि सेकंदाला एखादा थेंब पानांवर पडेल असं बघा. सकाळी अर्धा-पाऊण तास पुरतो. शिवाय दिवे लागताना दोन-तीन मिनिटं आणि संध्याकाळी दिवे जाण्याआधी तेवढंच, दाबाच्या पंपाने बारीक फवारा. फवारा पानांवर मारायचा, तोंडावर नाही. पुष्कळ पिल्लं फवारा सुरू झाल्यावर आधी डोळे मिटून स्तब्ध बसतात आणि मिनिट-दीड मिनिटाने चाटायला लागतात. म्हणून दोन फुसके मारून थांबण्यात अर्थ नसतो.

नळाचं पाणी चालतं. बोअरचं किंवा टँकरचं असेल तर पानांवर पांढरे डाग पडतात आणि नोझल महिन्याभरात चोंदतं, तेव्हा फवाऱ्यासाठी आरओचं पाणी वापरा. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं टाकीतलं पाणी बर्फासारखं असतं, ते कोमट करून घ्या. फवाऱ्याची बाटली नवी हवी. आधी तिच्यात काच पुसायचं किंवा झाडांवर मारायचं औषध असेल तर ती धुऊनही वापरू नका.

पुण्याच्या हवेत एक अडचण दोन टोकांची आहे. एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, जुलैत ती ८०-८५ च्या आसपास असते. उन्हाळ्यात पिंजऱ्याच्या दोन बाजू पारदर्शक प्लास्टिकने झाका आणि फवाऱ्याची एक वेळ वाढवा. पावसाळ्यात ते प्लास्टिक काढून टाका, फवारा एक वेळच ठेवा आणि खोलीत हवा खेळती ठेवा, फक्त पंख्याचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. दोन फवाऱ्यांमध्ये पानं पूर्ण सुकली पाहिजेत. सतत ओलं आणि कोंदट राहिलं की श्वसनाचा संसर्ग होतो, आणि अशा पिल्लाचं खाणं सगळ्यात आधी बंद पडतं.

ऊब. ज्या फांदीवर पिल्लू शेकायला बसतं तिथे, पाठीच्या उंचीवर, २७ ते २९ अंश सेल्सिअस. बाकी पिंजऱ्यात २२ ते २५, रात्री १८-२० चालतं. पिल्लांना मोठ्या कॅमेलियनइतकी ऊब द्यायची नाही. देह एवढासा असतो की पाच मिनिटांत भाजून निघतो. म्हणून २५ ते ४० वॅटचा साधा पिवळा बल्ब जाळीच्या वर, फांदीपासून किमान २० सेंटिमीटरवर. तापमान वायरवाल्या डिजिटल प्रोबने मोजा, चिकटवायचे गोल काटेवाले मीटर अनेकदा चार-पाच अंशांनी चुकतात.

थंडीबद्दल एक फसवी गोष्ट आहे. कॅमेलियनची जीभ ताणून धरलेल्या लवचीक उतींच्या जोरावर सुटते, त्यामुळे १५ अंशांतही ती बऱ्यापैकी वेगाने जाते. परत ओढायचं काम मात्र स्नायूंचं, ते थंडीत मंदावतं. पचनही तसंच. म्हणजे गार सकाळी पिल्लू किडा मारेलही, पण तो पोटात पडून राहील. हिवाळ्यात दिवे सातला लावले तर खायला साडेआठ-नऊशिवाय देऊ नका. दुपारनंतर चारच्या आत दुसरं खाणं, म्हणजे दिवे जाण्याआधी दोन-तीन तासांची ऊब मिळते. मे महिन्यात उलटं. दुपारी खोलीच ३३-३४ अंशांवर गेली की बल्ब बंद करा, पिंजरा उत्तरेकडच्या किंवा सगळ्यात गार खोलीत हलवा आणि खाणं सकाळी नऊच्या आत उरका. तोंड उघडं ठेवून, रंग फिका करून बसलेलं पिल्लू तापलेलं असतं, भुकेलेलं नाही.

यूव्हीबीची, म्हणजे अतिनील किरणांची, दिव्याची नळी टी५ प्रकारची, ५-६ टक्क्यांची, रोज १२ तास. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी जवळपास नसतंच आणि घरातल्या एलईडीत तर नाहीच. बाल्कनीत कोवळ्या उन्हात १५-२० मिनिटं ठेवायचं असेल तर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, आणि तुम्ही शेजारी बसून. कावळे क्षणाचा उशीर करत नाहीत.

आडोशाला लोक फार हलकं घेतात. पिल्लाला तुम्ही दिसता म्हणजे पिल्लाच्या हिशोबात शिकारी दिसतो. पिंजऱ्याच्या तीन बाजू कागदाने झाका. पिंजरा टेबलावर किंवा कपाटावर अशा उंचीला ठेवा की वरची फांदी तुमच्या डोळ्यांच्या वर येईल. आतली निम्मी जागा पानांनी भरलेली हवी. मनीप्लँट, जास्वंद, शेफ्लेरा चांगले. व्हेल्ड पानंही कुरतडतो, त्यामुळे कण्हेर, डिफेनबाकिया असली विषारी झाडं नकोत. सोलापूर रस्त्यावरच्या, उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांमधून स्वस्तात सुंदर झाड मिळतं, पण ते आणलं की लगेच पिंजऱ्यात नाही. नर्सरीत कीटकनाशक मारलेलं असतं, काही औषधं तर मुळांतून पानात उतरतात. पानं दोन्ही बाजूंनी धुवा, माती बदला, तीन आठवडे बाहेर ठेवा. दोन पिल्लं एका पिंजऱ्यात ठेवू नका. मारामारी दिसली नाही तरी धाकटं उपाशी राहतं, कारण मोठ्याच्या नजरेसमोर ते हलतच नाही. आरसा किंवा चकचकीत काच समोर असली तरी हाच परिणाम. पहिले सात-आठ दिवस हातात घेणं बंद. पाहुण्यांना दाखवणंही.

एवढं झाल्यावर किडे.

माप सोपं आहे: किड्याची लांबी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. तीन महिन्यांच्या पिल्लाला साधारण ३ ते ६ मिलिमीटरची क्रिकेट लागतात. विकणाऱ्याला आधी विचारा की तिथे ते काय खात होतं. पहिला आठवडा तेच द्या. दिवसातून दोनदा, पंधरा मिनिटांत जेवढं संपेल तेवढं, म्हणजे दिवसाला १० ते १५ छोटी क्रिकेट. एकदम वीस सोडली तर चारी बाजूंनी अंगावर चढणारे किडे बघून पिल्लू घाबरतं. दोन-तीन सोडा, ती संपली की पुढची. उरलेली रात्री आत ठेवू नका, भुकेली क्रिकेट झोपलेल्या पिल्लाला चावतात.

अगदी लहान किंवा अडून बसलेल्या पिल्लासाठी केळ्यावरच्या चिलटांना तोड नाही. ती सतत हलतात, वरच्या दिशेने चढतात आणि भीती वाटण्याइतकी मोठी नसतात. न उडणारी जात छंद म्हणून पाळणाऱ्यांकडून मिळते. एक पिकलेलं केळं कुस्करा, त्यात तीन-चार चमचे मक्याचं पीठ, एक छोटा चमचा व्हिनेगर, चिमूटभर यीस्ट. घट्टसर झालं की बरणीत तीन बोटं भरा, वर चुरगळलेला कागद, २०-३० चिलटं, आणि तोंडाला पातळ सुती कापड रबराने घट्ट. २५ अंशांना दहा-बारा दिवसांत नवी पिढी निघते. दर आठवड्याला नवी बरणी लावली तरच पुरवठा तुटत नाही. बुरशी आली तर व्हिनेगर कमी पडलं किंवा मिश्रण पातळ झालं. बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवा, नाहीतर मुंग्या एका रात्रीत फडशा पाडतात. स्वयंपाकघरातली उडणारी चिलटं आत शिरली तर पुढची पिढी उडायला लागते, बरणी टाकून द्या. आणि उन्हाळ्यात ३० अंशांच्या आसपास चिलटांचे नर नापीक होतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये बरणी माठाशेजारी किंवा एसीच्या खोलीत.

पिंजऱ्यात चिलटं विखुरतात, म्हणून शेकायच्या फांदीपासून वीतभर अंतरावर केळ्याची चकती टांगा, ती तिथेच जमतात. क्रिकेटसाठी खोल पांढरा कप फांदीच्या जरा खाली बांधा आणि आत जाळीचा तुकडा उभा करा, म्हणजे किडा चढत वर येतो आणि दिसतो. कप लावून दार बंद करा आणि खोलीतून बाहेर जा. समोर बसून बघत राहिलात तर ते तुमच्याकडेच बघत राहील. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवा.

कप दुर्लक्षित राहिला तर किडा बदलायची वेळ येते. नेहमीच्या किड्याला कंटाळलेलं पिल्लूही उडणाऱ्या माशीवर डोळे लावतं. छोट्या रेशीम अळ्या, ब्लॅक सोल्जर माशीच्या बारीक अळ्या आणि त्यातून निघालेल्या माश्या चांगल्या. मीलवर्म रोज नको, द्यायचाच तर नुकती कात टाकलेला पांढरा. बागेतले नाकतोडे, दिव्यावरची पाखरं घेऊ नका, फवारणी कुठे झाली हे कळत नाही. काजवा तर कधीच नाही. मे-जूनमध्ये सह्याद्रीत ते मुबलक दिसतात, पण काही काजव्यांत असं विष असतं की सरड्याला मारायला एक पुरतो.

किड्यांना खायला घातल्याशिवाय ते पिल्लाला देणं म्हणजे रिकामा डबा देणं. आदल्या दिवसापासून त्यांना शेवग्याची पानं, गाजर, लाल भोपळा द्या. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. मंडईतली भाजी नीट धुऊन, गाजर सोलून. साध्या कॅल्शियमची भुकटी प्रत्येक खाण्याला, डी३ असलेली महिन्यातून दोनदा, मल्टिव्हिटॅमिनही दोनदा. भुकटी दिसेल न दिसेल एवढीच. पांढऱ्याफटक किड्याकडे पिल्लं पाठ फिरवतात, म्हणून नवीन पिल्लाला खाणं सुरू होईपर्यंत पहिले दोन दिवस बिनभुकटीचे किडे दिले तरी चालतात. घरात डासांची कॉइल, लिक्विड, झुरळांचा खडू बंद. महापालिकेची धूर फवारणी सोसायटीत आली की खिडक्या लावा आणि किड्यांचे डबेही आत घ्या.

जबरदस्तीने तोंड उघडू नका, जबडा मोडतो. ०.१ ग्रॅम मोजणारा छोटा काटा घ्या, त्यावर फांदीचा तुकडा ठेवून शून्य करा, पिल्लू आपणहून फांदीवर चढलं की आकडा लिहा. आठवड्यातून एकदा, खात नसेल तर दिवसाआड. वजन दहा टक्क्यांनी उतरलं, किंवा चौथ्या दिवशीही खाणं नाही, तर सरीसृप बघणाऱ्या पशुवैद्याकडे. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लासाठी दुसऱ्या दिवशीच. दिवसा मिटलेले डोळे, तोंडाशी फेस, फांदीवरची सुटणारी पकड, वाकलेले पुढचे पाय, किंवा जीभ सोडूनही सतत नेम चुकणं यातलं काही दिसलं तर वजनाची वाट बघू नका. कात टाकताना मात्र एक-दोन दिवस खाणं मंदावतं, ते चालतं.

जाताना ताजी विष्ठा झिपच्या पिशवीत, काही तासांच्या आतली. जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) त्यातच कळतात. पिल्लू हवेची भोकं पाडलेल्या खोक्यात, आत आडवी बांधलेली फांदी आणि तळाला ओला टिश्यू. दुचाकीच्या डिकीत नाही.