मॉरिशसची साखर

मॉरिशसमध्ये तेथील उद्योगांचा आणि समाजाचा अभ्यास करणारा माझा भाचा चवथीसाठी फोंड्याला आला आहे, आणि आजची सारी दुपार त्याचे ऐकण्यात गेली. 1834 पासून पोर्ट लुई बंदरात उसाच्या मळ्यांसाठी सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर उतरले, त्यांत मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांच्या घरांत आता प्रामुख्याने क्रिओल ही फ्रेंचवर आधारलेली भाषा बोलली जाते, तरी गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते.

मला अधिक रस वाटला तो साखरेच्या हिशेबात. युरोपला ठरलेल्या चढ्या भावाने साखर विकण्याची सोय 2009 मध्ये संपली, तेव्हा त्या देशाने मोजकेच कारखाने ठेवून चिपाडापासून वीजनिर्मिती वाढवली आणि कच्च्या साखरेऐवजी शुद्ध व खास प्रतीची साखर विकायला घेतली. (आपल्याकडे गोव्यात धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचे गाळप थांबल्यापासून चर्चा ऊस उत्पादकांच्या भरपाईभोवतीच अधिक फिरते, असे माझे मत.) मात्र कारखाने घटले की माणसेही घरी बसतात, त्यांचे काय, हे मी त्याला विचारलेच; परत गेल्यावर तो अशाच कामगारांच्या वस्त्यांत जाऊन मुलाखती घेणार आहे.