आमची वाटचाल: उसाखालची जमीन

सांगलीत प्लॉटची मोजणी आणि रस्त्यांच्या लेव्हली, म्हणजे उंच्या, घेणं, हे आमचं काम. एक टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजायचं यंत्र), मी आणि दोन पोरं. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं 57 फूट ओलांडले. तिथं धोक्याची पातळी 45 आहे. पाणी ओसरल्यावर शिरोळ तालुक्यातल्या एका गावानं बोलावलं: पुढच्या खेपेला पाणी कुठून शिरेल, सांगाल का? तेव्हापासून पूरपट्ट्याचे डिजिटल उंची नकाशे, म्हणजे डीईएम, हाच आमचा धंदा झाला.

पहिला नकाशा चुकला. फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानानं रडारनं घेतलेल्या उंच्या फुकट मिळतात, त्याच वापरल्या. 30 मीटरचा एकेक चौकोन, आणि जिथं झाडी किंवा उभं पीक तिथं रडार जमिनीपर्यंत नीट पोचतच नाही. डोंगरात दोन-तीन मीटर इकडेतिकडे चालून जातात. आमच्या सपाटीला हातभर फरकानं अख्खी गल्ली बुडते.

नकाशा घेऊन गेलो तेव्हा एका आजींनी भिंतीवरची गाळाची रेघ दाखवली. "नदीकडनं न्हाई बाळा, पाणी मागनं आलं, ओढ्यातनं." आमच्या नकाशात रस्त्याचा भराव होता, खालची मोरी नव्हती. भराव धरणासारखा उभा आणि आजींचं घर कोरडं! त्याची रुखरुख आजही आहे.

फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्रानं नकाशांचे नियम सैल केले. मग कर्ज काढून लायडारचा, म्हणजे लेसरनं जमिनीची उंची मोजणारा, ड्रोन घेतला. ऊसतोड आटोपली की मार्च ते मे उडवायचा. पाण्याखालचं पात्र त्याच्या लेसरला दिसत नाही, तिथं होडी आणि आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारा इको साउंडर. जीपीएसची कच्ची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत आपल्याकडे 60 मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या खुणेवरून, लेव्हल आणून जुळवतो. नकाशातून पूल कापून काढावे लागतात, नाहीतर नदीच अडते.

पण खरा वेळ खातात त्या मोऱ्या. स्टाफ, म्हणजे उंची मोजायची आकडे असलेली पट्टी, घेऊन ओढ्यानं चालायचं. प्रत्येक मोरीची रुंदी, उंची, तळाची लेव्हल आणि आतला गाळ मोजायचा. गावातलं जाणतं माणूस सोबत हवंच, कारण निम्म्या मोऱ्या झुडपांत दडलेल्या असतात.

आजींच्या घरामागची मोरी आम्ही दर मे महिन्यात पुन्हा मोजतो. गेल्या खेपेला तिच्यात दीड फूट गाळ होता.