प्रेक्षकसंख्या: शून्य

वाद्यवृंद संचालनाच्या पदवीसाठी जर्मनीत अर्ज केला. हार्मनी, पियानो, श्रवणपरीक्षेची तयारी, सगळं वेळेत उरकलं. अडलं ते व्हिडिओपाशी. पहिल्या फेरीला खऱ्या वादकांची तालीम घेतानाचं चित्रण पाठवायचं असतं. व्हायोलिनवाल्याला रियाझाला एक खोली पुरते; आम्हाला माणसं लागतात.

"झुबिन मेहता नाही का १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले?" असं नातेवाईक ऐकवतात. गेले ना, संचालनच शिकायला! पण त्यांच्या वडिलांनी, मेहली मेहतांनी, मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. तालमी घरच्याच.

माणसं जमली. नागपुरातल्या सदर भागातल्या चर्चमधले वादक आले, शाळांमधले संगीत शिक्षक आले. मोझार्टची १७८७ सालची 'आइने क्लाइने नाख्टम्युझिक' घेतली, कारण ती नुसत्या तंतुवाद्यांवर भागते आणि नोटेशन आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतं. व्हियोलावाला (व्हायोलिनचाच जरा मोठा भाऊ) काही सापडला नाही. तो भाग कीबोर्डवर वाजवून घेतला. व्हियोलाचं नोटेशन ज्या खुणेने लिहितात तो आल्टो क्लेफ वाजवणाऱ्याला वाचता येतो का, ते आधीच विचारून घ्या.

मग जागा. एका सभागृहाच्या कार्यालयात गेलो आणि तिथेच रुतलो.

"संहितेला मंजुरी हाय का?"

"काका, यात शब्दच नाहीत."

"मंग गाणे?"

"गाणीही नाहीत. तालीम आहे फक्त."

"तालमीचा फॉर्म नसते जी. प्रयोगाचा भरा."

भरला. प्रमुख पाहुणे: निरंक. प्रेक्षकसंख्या: शून्य. फॉर्म परत आला, शून्य चालत नाही म्हणून. पन्नास लिहिले, तर पोलिसांचं ना-हरकत पत्र आणा. ते घेऊन गेलो तर साहेब मीटिंगमध्ये. पुढच्या खेपेला साहेब भेटले, तर काका रजेवर आणि फाइल त्यांच्या कपाटात. कपाटाला कुलूप. तोवर तुळशीचं लग्न आटोपलं, लग्नसराई सुरू झाली आणि माझे निम्मे वादक रिसेप्शनांना बुक झाले. सही कधी होणार म्हटलं, तर "होते ना बाप्पा, घाई काहून करता?" अर्जाची मुदत यांच्या बापाने वाढवली असती का?

शेवटी एका शिक्षकांनी आपल्या शाळेचा हॉल रविवारी सकाळी मिळवून दिला. मुख्याध्यापिकाबाईंना एक अर्ज, चौकीदाराला चहा, झालं! म्हणून सांगतो, सभागृहाच्या वाटेला जाऊच नका. शाळा गाठा, तीही दिवाळीआधी.

एक राहिलंच. कॅमेरा वादकांच्या मागे, आपल्याकडे तोंड करून लावा. परीक्षकांना तुमचे हात आणि चेहरा बघायचा असतो, पाठ नाही. आणि तालीम थांबवून चूक दुरुस्त करतानाचा भाग कापू नका, मुख्य तोच.

पहिली फेरी पार झाली. (सभागृहाची सही अजून यायची आहे.) आता पुढच्या फेरीत दोन पियानोवादकांना संचालित करायचं आहे. धंतोली-रामदासपेठ भागात एकाच घरात दोन पियानो कुणाकडे असतील तर कळवा.